ज्येष्ठमध किती दिवस घ्यावा?

मी औषधनिर्माणशास्त्र शिकले असून साताऱ्यात एका औषधाच्या दुकानात बसते. आमच्याकडे ॲलोपॅथीच्या गोळ्यांबरोबर चूर्णे, आसवे आणि काढेही मिळतात, आणि थंडी पडू लागली की ज्येष्ठमधाच्या पावडरीची मागणी एकदम वाढते. घेणारा माणूस 'किती घ्यायचा' हे आवर्जून विचारतो, 'मधातून की कोमट पाण्यातून' हेही विचारतो. 'किती दिवस घ्यायचा' आणि 'माझ्या चालू गोळ्यांबरोबर चालेल का' हे दोन प्रश्न मात्र क्वचितच ऐकू येतात. ज्येष्ठमधाच्या बाबतीत सगळी मेख याच दोन प्रश्नांत आहे, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहे.

आधी हे स्पष्ट केलेले बरे की मी ज्येष्ठमधाच्या विरोधात नाही. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी त्याची कांडी मोडली तर वरच्या सुरकुतलेल्या तपकिरी सालीखाली पिवळाधमक, दोऱ्यादोऱ्यांचा गाभा दिसतो. त्याचा तुकडा दाढेखाली धरला की आधी मातकट लाकडाची चव येते आणि मग सावकाश उतरणारा गोडवा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो. घसा बसलेले शिक्षक, भजनी मंडळातले गायक, कीर्तनकार हे सारे पिढ्यान्‌पिढ्या हा तुकडा तोंडात धरत आले आहेत आणि त्याचा त्यांना गुण येतो. भुलेसाठी श्वासनलिकेत नळी घातल्यावर रुग्णाचा घसा दुखतो. तो त्रास शस्त्रक्रियेपूर्वी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केल्यास कमी होतो, असे भारतीय भूलतज्ज्ञांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले होते. ज्या पदार्थाला गुण आहे त्याला मात्राही असते आणि मर्यादाही असते. काहीही केले तरी अपाय होत नाही असा जो पदार्थ असेल, त्याच्याकडून उपायाचीही फारशी अपेक्षा ठेवता येणार नाही.

ज्येष्ठमधाचा गोडवा ग्लिसिऱ्हायझिन नावाच्या घटकामुळे येतो. हा घटक साखरेच्या 30 ते 50 पट गोड असतो. साखर नसल्यामुळे मधुमेही मंडळी तो निर्धास्तपणे घेतात. पोटात गेल्यावर आतड्यांतील जिवाणू त्याचे विघटन करतात आणि त्यातून तयार होणारे आम्ल रक्तात शोषले जाते. पुढची गोष्ट मूत्रपिंडात घडते. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन अशी दोन संप्रेरके आहेत. मीठ धरून ठेवणे आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडणे हे काम अल्डोस्टेरॉनचे आहे. मूत्रपिंडातल्या ज्या कुलपाला अल्डोस्टेरॉनची किल्ली लागते, त्याच कुलपाला कॉर्टिसॉलही लागते आणि रक्तात त्याचे प्रमाण कितीतरी अधिक असते. म्हणून मूत्रपिंडात एक विकर (एन्झाइम) पहाऱ्यावर बसवलेले असते, जे कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करून त्याला त्या कुलपापासून दूर ठेवते. ज्येष्ठमधातून आलेले आम्ल नेमक्या याच विकराला अडवते. पहारा उठला की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनचे काम करू लागते, शरीरात मीठ आणि पाणी साचते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम लघवीतून वाहून जाऊ लागते.

हे सगळे काही अलीकडे कोणी मुद्दाम शोधून काढलेले खूळ नाही. नेदरलँड्समधील रेव्हर्स या डॉक्टरांनी 1946 मध्ये जठरव्रणाच्या (पोटातल्या अल्सरच्या) रुग्णांना ज्येष्ठमधाचा अर्क देऊन पाहिला. व्रण भरून येऊ लागले, पण सुमारे 20 टक्के रुग्णांच्या अंगावर सूज आली. पुढे इंग्लंडमध्ये याच आम्लापासून कार्बेनॉक्सोलोन नावाचे अल्सरवरचे औषध तयार झाले आणि काही वर्षे ते भरपूर वापरले गेले. त्याच्यासोबतही सूज, वाढता रक्तदाब आणि घटते पोटॅशियम ही तिन्ही दुखणी आलीच. वर सांगितलेल्या विकराचा उलगडा 1987 च्या सुमारास झाला आणि चाळीस वर्षांच्या निरीक्षणामागचे कारण हाती लागले. मला या इतिहासात महत्त्वाचे वाटते ते असे की गुण आणि दोष पहिल्याच वापरात एकत्र दिसले होते. पित्तावर ज्येष्ठमध चालतो हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्याचा दुसरा अर्धा भाग मात्र तोंडोतोंडी फिरला नाही.

आता मात्रेचा हिशेब पाहू. भारत सरकारच्या आयुर्वेदिक औषधकोशात ज्येष्ठमधाच्या चूर्णाची मात्रा 2 ते 4 ग्रॅम दिलेली आहे. मुळातील ग्लिसिऱ्हायझिनचे प्रमाण जमीन, जात आणि साठवणीनुसार बरेच बदलते. समजा ते 4 टक्के आहे असे धरले, तर 3 ग्रॅम पावडरीतून, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यातून, 120 मिलिग्रॅम ग्लिसिऱ्हायझिन पोटात जाते. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने नियमित सेवनासाठी दिवसाला 100 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा सांगितली आहे. या दोन आकड्यांत विरोध आहे असे वरवर वाटेल, पण तसे नाही. औषधकोशातील मात्रा ही आजारी माणसाला, वैद्याच्या नजरेखाली, ठरावीक काळ देण्याची आहे. समितीची मर्यादा रोजच्या रोज, महिनोन्‌महिने खाणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे गफलत होते ती अशी की औषधाची मात्रा घ्यायची आणि ती जेवणासारखी कायम चालू ठेवायची. जर्मनीत वनौषधींचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञ समितीने वैद्यकीय सल्ल्याशिवाय ज्येष्ठमध 4 ते 6 आठवड्यांपेक्षा जास्त घेऊ नये असे म्हटले आहे, आणि माझ्या मते घरगुती वापरासाठी तीही मुदत सैलच आहे. साध्या खोकल्यासाठी किंवा बसलेल्या घशासाठी पाच-सात दिवस पुरतात. तेवढ्यात उतार पडला नाही तर चमचे वाढवण्यापेक्षा खोकला कशाचा आहे हे तपासून घेणे शहाणपणाचे ठरते.

आयुर्वेदाला ही दृष्टी परकी आहे असेही कोणी समजू नये. पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टींचा अतिवापर करू नये असे चरकसंहितेच्या विमानस्थान या विभागात स्पष्ट सांगितले आहे, आणि यातली पिंपळी तर घराघरातल्या खोकल्याच्या औषधात असते. मात्रा, काळ, अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचे ते) आणि रोग्याची प्रकृती यांचा विचार हा त्या शास्त्राचा कणाच आहे. 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य वैद्यांच्या तोंडी मी फारसे ऐकलेले नाही. ते पुड्यांच्या वेष्टनांवर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत अधिक आढळते.

हे प्रत्यक्षात कसे घडते याचे एक उदाहरण देते. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या साठीच्या पुढच्या एक काकू आहेत. ओळख पटू नये एवढे तपशील मी गाळले आहेत. त्यांना रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिनची गोळी चालू होती आणि दाब बरीच वर्षे आटोक्यात होता. मग तो वाढू लागला आणि घोट्याशी सूज दिसू लागली. ॲम्लोडिपिनने पायावर सूज येणे ही नेहमीची गोष्ट असल्यामुळे सुजेचे खापर त्या गोळीवर फुटले, आणि दाबासाठी क्लोरथॅलिडोन, म्हणजे आपण जिला लघवीची गोळी म्हणतो ती, जोडली गेली. त्यानंतर त्यांना रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले आणि जिना चढताना मांड्या भरून यायला लागल्या. दुकानाच्या पायरीवर टेकून त्यांनी मोजा खाली सरकवला, तेव्हा नडगीवर बोट दाबल्यावर पडलेला खड्डा भरून यायला चांगलाच वेळ लागला.

मी विचारले, "काकू, याशिवाय आणखी कुठलं औषध घेता का?"

"औषध नाही गं बाई दुसरं काही. पित्तासाठी ज्येष्ठमध घेते, सकाळ-संध्याकाळ चमचाभर. तो काय औषध थोडाच आहे?"

ज्येष्ठमध त्या उन्हाळ्यापासून घेत होत्या आणि आता दिवाळी होऊन गेली होती. मी त्यांना ती पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगितले. रक्ततपासणीत पोटॅशियम 2.9 निघाले, ते साधारणपणे 3.5 ते 5 च्या दरम्यान असावे लागते. ज्येष्ठमध पोटॅशियम घालवत होता आणि नवी गोळीही तेच करत होती. डॉक्टरांची यात काही चूक होती असे मला वाटत नाही, कारण चिठ्ठी लिहिताना त्यांच्यासमोर जे होते त्यावरून त्यांचा निर्णय बरोबरच होता. ज्येष्ठमध त्यांच्यासमोर आलाच नव्हता. तो बंद केल्यावर काही आठवड्यांनी सूज उतरली आणि दाब पूर्वीच्या गोळीवरच आटोक्यात आला.

यावरून कोणी ज्येष्ठमधापासून लांब राहावे हे बरेचसे कळते. उच्च रक्तदाब, हृदयाचे दुखणे, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी, आणि पूर्वी कधी पोटॅशियम कमी आढळलेल्यांनी तो स्वतःच्या मनाने घेऊच नये. लघवीच्या गोळ्या, मग त्या फ्रुसेमाइडच्या असोत, हायड्रोक्लोरोथायझाइडच्या असोत की क्लोरथॅलिडोनच्या, पोटॅशियम आधीच कमी करत असतात. येथे एक अडचण अशी की रक्तदाबाच्या कितीतरी गोळ्या संयुक्त असतात आणि नावाच्या शेवटी असलेले एखादे 'एच' किंवा 'सीटी' हे अक्षर म्हणजे आत लघवीचे औषध आहे, हे घेणाऱ्याला माहीत नसते; आपल्या दुकानदाराला स्ट्रिप दाखवून एकदा विचारून घ्यावे. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना धोका सर्वांत मोठा, कारण पोटॅशियम घटले की त्याच मात्रेचे डिगॉक्सिन विषारी ठरू शकते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे आणि दम्याची साल्ब्युटामॉलसारखी औषधेही पोटॅशियम खाली आणतात. दम्याच्या रुग्णाला घरातले लोक प्रेमाने ज्येष्ठमधाचा काढा देतात, त्यामुळे हा मुद्दा मला अधिक बोचतो.

रेचकांचे तसेच आहे. सोनामुखीने जुलाब झाले की त्यावाटेही पोटॅशियम जाते. स्वादिष्ट विरेचन चूर्ण या प्रसिद्ध औषधात तर सोनामुखी आणि ज्येष्ठमध दोन्ही आहेत. एखाद्या रात्री चमचाभर घेण्याने काही बिघडत नाही, पण ज्यांना ते घेतल्याशिवाय सकाळ होत नाही अशा अनेक ज्येष्ठांना मी ओळखते. उलट बाजूने पाहिले तर बद्धकोष्ठ असणाऱ्यांच्या आतड्यांत ज्येष्ठमध अधिक काळ राहतो आणि त्याचे शोषणही अधिक होते. म्हणून एकाला जी मात्रा निभावते तीच दुसऱ्याला बाधते.

पावडर आणि कांडी तरी डोळ्यांना दिसते. न दिसणारा ज्येष्ठमध जास्त चकवतो. खोकल्याची अनेक आयुर्वेदिक सिरपे, एलादि वटीसारख्या चघळण्याच्या गोळ्या, घशासाठी विकले जाणारे 'हर्बल टी', पित्तशामक चूर्णे, या सर्वांत तो असतो, आणि लेबलावर त्याचे नाव कधी यष्टिमधु, कधी मधुयष्टी, कधी मुलेठी, तर कधी ग्लिसिऱ्हायझा ग्लाब्रा असे छापलेले असते. एकच माणूस सकाळी ज्येष्ठमध घातलेला चहा पितो, दुपारी सिरप घेतो, संध्याकाळी गोळ्या चघळतो आणि आपण ज्येष्ठमध घेतच नाही असे समजतो. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी यात काळ्या लिकोरिसच्या, म्हणजे ज्येष्ठमधाचा अर्क घातलेल्या मिठाईच्या, गोळ्यांची भर पडते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने सलग दोन आठवडे रोज 57 ग्रॅम काळे लिकोरिस खाल्ले तर हृदयाचे ठोके अनियमित होऊन रुग्णालयात जाण्याची वेळ येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेला आहे. मॅसॅच्युसेट्समधील 54 वर्षांचा एक बांधकाम मजूर रोज दीड पाकीट याप्रमाणे ही मिठाई खात होता आणि हृदय बंद पडून मरण पावला. त्याची हकिकत 2020 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. त्याने तो प्रकार केवळ तीन आठवड्यांपूर्वी सुरू केला होता. तो माणूस एरवी फारसे पोषक अन्न घेत नव्हता आणि रोजचे प्रमाणही अवाढव्य होते, त्यामुळे चिमूटभर पावडर घेणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र 'गोड गोळ्यांनी काय होणार' हे म्हणणे त्यानंतर टिकत नाही.

गरोदरपणात ज्येष्ठमध औषध म्हणून घेणे टाळावे. ज्या मातांनी गरोदरपणी आठवड्याला 500 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लिसिऱ्हायझिन खाल्ले होते, त्यांची मुले वाढत्या वयात बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडत असल्याचे फिनलंडमधील संशोधकांना आढळले, आणि तेथील सरकारी आहारसल्ल्यातही गर्भवतींनी तो मोठ्या प्रमाणात खाऊ नये असे सांगितले जाते. आईच्या कॉर्टिसॉलपासून गर्भाचे रक्षण करणारे वारेतील विकर हे त्या मूत्रपिंडातल्या विकरासारखेच आहे, हे ध्यानात घेतले की यामागची शंका समजते. सांधेदुखी असो, आम्लपित्त असो, गरोदर बाईने 'घरातलेच आहे' म्हणून ते परस्पर सुरू करू नये.

बाळगुटीबद्दल मला नेहमी विचारले जाते. सहाणेवर ज्येष्ठमधाचे एक-दोन वेढे उगाळले तर त्यातून येणारे ग्लिसिऱ्हायझिन अगदी नगण्य असते. तेथे माझी काळजी वेगळी आहे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही द्यायचे नाही असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, सहाण आणि मुळ्या किती स्वच्छ असतात हे कोणी पाहत नाही, आणि ज्येष्ठमध मधातून चाटवण्याची पद्धत तर वर्षाच्या आतल्या बाळासाठी सरळ धोक्याची आहे, कारण मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

खरेदीच्या वेळी शक्यतो अख्खी कांडी घ्यावी आणि घरी कुटावी. पावडरीत काय मिसळले आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. कांडी मोडल्यावर गाभा पिवळा, तंतुमय आणि स्पष्ट गोड असावा, बुरशीचा वास येऊ नये. गुंजेचे मूळही ज्येष्ठमधाच्या जागी खपवले गेलेले आहे. विड्यात घालायचा गुंजेचा गोड पाला आपल्या परिचयाचा आहे, पण ती वेल पूर्णतः निराळी असून तिच्या लाल-काळ्या बियांत ॲब्रिन हे जहाल विष असते. तयार पावडर घ्यायचीच असेल तर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेले बंद पाकीट घ्यावे. पित्तासाठी दीर्घकाळ काही हवेच असेल तर ग्लिसिऱ्हायझिन काढून टाकलेला ज्येष्ठमध गोळ्यांच्या रूपात मिळतो. तोही डॉक्टरांना सांगूनच घ्यावा, पण निदान रक्तदाबाचा प्रश्न त्यात बराच कमी होतो.

गायक आणि शिक्षक यांना माझे सांगणे असे की घशासाठी गिळण्याची गरज नाही. अर्धा चमचा पावडर पाण्यात उकळून, गाळून, त्याच्या गुळण्या कराव्यात आणि पाणी थुंकून टाकावे. कांडी चघळायचीच असेल तर कार्यक्रमाच्या आसपास, छोटा तुकडा, तोही तेवढ्यापुरता. दिवसभर गालात कांडी ठेवून वावरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा.

ज्येष्ठमध चालू असताना डोके दुखू लागले, चेहऱ्यावर किंवा पायावर सूज आली, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, हातापायांतले बळ गेल्यासारखे वाटले किंवा छातीत धडधडले, तर तो तत्काळ थांबवावा आणि रक्तदाबासोबत पोटॅशियमची तपासणी करून घ्यावी. धडधड किंवा चक्कर असेल तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यावा. केळी आणि शहाळ्याच्या पाण्याने पोटॅशियम भरून काढण्याच्या नादी लागू नये; एवढी घट आहाराने भरून निघत नाही, आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर तोच उपाय अंगाशी येतो. ज्येष्ठमध बंद केला की सर्व काही दुसऱ्या दिवशी पूर्ववत होते असेही नाही. त्या विकरावरचा परिणाम ओसरायला एक-दोन आठवडे लागू शकतात, त्यामुळे या काळात रक्तदाबाची गोळी स्वतःच कमी-जास्त करू नये आणि दोन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे. डॉक्टरांकडे जाताना चूर्णाची पुडी, सिरपची बाटली, चहाचे खोके, जे काही असेल ते पिशवीत टाकून सोबत न्यावे, आणि 'ही आयुर्वेदिक आहेत, तुमच्या कामाची नाहीत' असे म्हणून ती पिशवीतच ठेवू नयेत.